लाल बटणाची खुंटी

धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनच्या दर्शनी बाजूला भोपळ्याच्या देठासारखं एक लाल बटण बाहेर आलेलं असतं. त्याला मी महिनाभर खुंटी समजत होतो. कारखान्यातला हजेरी-कारकून मी. सकाळी हजेरी घेताना डब्याची पिशवी त्याला अडकवायचो. त्या दिवशी डबा जड होता. पिशवी घसरली, तिला सावरायला गेलो आणि तळहातानं बटण आत गेलं. मशीन जागीच थिजलं. आतला अर्धा कापलेला महागडा दांडा वाया.

मशीन चालवणारी बाई पाणी प्यायला गेली होती. बटणावर फिरवायचा बाण होता, तो तेव्हा पहिल्यांदा दिसला; फिरवलं की ते बाहेर येणार, हे कळलं. फिरवलं. मालक धावत आले तेव्हा मी म्हणालो, "हे बटण कुणी दाबलंही नाही, आपोआप थांबलं हो!"

झालं, फेरीकाकांना बोलावणं गेलं. या मशीनची संकटात थांबवायची सगळी वायरिंग त्यांच्या हातची. काम संपलं तरी पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत आणखी एक फेरी मारल्याशिवाय ते घरी जात नाहीत, म्हणून हे नाव. मशीनभोवतीची अशी पाच लाल बटणं त्यांनी एकाच तारेत ओवलेली. कुठंही तार सुटली तरी मशीन थांबतं.

"काका, ते बटण उगाच त्रास देतंय," मालक म्हणाले. "तारेचा तुकडा टाकून त्याला वगळा."

"नाही जमणार."

"मग दुसरा वायरमन बघतो."

"बघा की. पण मशीनवर माझी सून उभी असते. आधी तिला घरी पाठवा. तिच्या जागी उभं राहील त्यालाही."

मालक पाय आपटत गेले. काका मात्र पॅनेल उघडून बसले. एकेक तार ओढून पाहायची, एकेक स्क्रू पुन्हा आवळायचा. नसलेला दोष ते दुपारपर्यंत शोधत होते. मी समोरच जेवलो, त्याच डब्यातलं.  अख्खा डबा संपवला, याची लाज वेगळीच.

चहाच्या वेळी मालकांनी दुसऱ्या वायरमनला फोन लावला. "उद्या ये, एक बटण वगळायचंय," हे कानावर पडलं आणि माझे पाय आपोआप केबिनकडे वळले. या वेळचं 'आपोआप' खरं होतं.

"साहेब, बटण मी दाबलं. बटणाला काही झालेलं नाही."

मालकांनी फोन ठेवला. पुढं जे बोलले ते माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

मग काकांकडे गेलो. ते गुडघ्यांवर बसून शेवटचा स्क्रू आवळत होते.

"काका, डब्याची पिशवी सावरताना बटण दाबलं ते माझ्याच हातानं. अख्खा दिवस तुम्हाला राबवलं, वर खोटं बोललो. तोंड दाखवायला जागा नाही मला. सांगा, काय करू?"

त्यांनी पॅनेलचं दार लावलं, गुडघे झटकले.

"डबा टेबलावर ठेवत जा."