सासूबाईंची गाळलेली ओळ

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझी फजिती झाली. सासूबाईंच्या शिलाई मशीनशेजारी चार खुर्च्या मांडून सात वाजता घरची प्रार्थना चालते. सासरे, नवरा, सासूबाई आणि मी. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचून झाला, मग सगळ्यांना लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू झाली. 'आम्ही इतरांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर' या अर्थाच्या क्षमेच्या ओळीपाशी तिघंही एकदम गप्प झाले आणि मी एकटीच मोठ्यांदा पुढे धावले.

"आई ती ओळ म्हणत नाही," नवऱ्यानं नंतर सांगितलं. "म्हणून आम्हीही थांबतो."

सासूबाईंना एक मोठी बहीण, आमच्या मावशी. दोघींची आई शेवटच्या घटका मोजत असताना मावशींनी सासूबाईंना कळवलंच नाही. या पोचल्या तेव्हा माती देऊन झाली होती. तेव्हापासून, क्षमा केली असं म्हणणं म्हणजे देवाच्या तोंडावर खोटं बोलणं, असं यांचं म्हणणं. चर्चचे पाळकसाहेब समजवायला आले, तर "माप न घेता कापड कापायला सांगू नका" म्हणून त्यांनाच गप्प केलं.

खरं सांगते, मला राग यायचा. म्हणायचं तर म्हणा, नाहीतर सोडून द्या, रोज मधेच हे ताटकळणं कशाला? मला कामावर जायची घाई. पण सासूबाईंनी एक सकाळ चुकवली नाही. तापानं फणफणल्या असतानाही खुर्चीत येऊन बसल्या आणि त्या ओळीपाशी डोळे मिटून थांबल्या.

मग कुणीतरी सांगितलं की मावशींचे गुडघे धरलेत. दुसऱ्या दिवशी त्या शांततेत सासूबाई पुटपुटल्या, "तिच्या गुडघ्यांना आराम दे. गुडघ्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही."

मला हसू आवरेना. नवऱ्यानं चिमटा काढला.

पण ते तिथंच थांबलं नाही. पुढच्या वर्षी त्या ओळीपाशी मावशींच्या डोळ्यांची पाळी आली. मग ज्या हातांनी लहानपणी यांच्या वेण्या घातल्या, ते हात. जुनी शिवण उसवावी तसं एकेक टाका चाललं होतं. अकरा वर्षं शेजारच्या खुर्चीवरून मी हे ऐकत होते आणि माझं हसू कधी थांबलं, मलाच कळलं नाही. शेवटी राहिली फक्त जीभ. सांगायचं तेव्हा जिनं सांगितलं नाही, ती.

एका दुपारी मावशीच दारात उभ्या. आजारपणानं निम्म्या झालेल्या. सगळे कपडे अंगावर लोंबतात, आत घेऊन दे म्हणाल्या. सासूबाईंनी टेप काढली. खांदे, छाती, कंबर. मी आतल्या दारात जीव मुठीत धरून उभी.

"तुला कळवलं असतं तर तू रडत आली असतीस," मावशी म्हणाल्या, "आणि आपण आता जगत नाही हे आईला कळलं असतं. मी भ्याले गं. चुकलंच माझं."

"हात खाली सोड, ताई. माप चुकेल," सासूबाई म्हणाल्या. कंबर त्यांनी तीनदा मोजली.

दुसऱ्या सकाळी त्या ओळीपाशी आम्ही सवयीनं थांबलो आणि सासूबाईंनी ती एकट्यानं म्हटली. पूर्ण, हळू, घोगऱ्या आवाजात. देव आपल्यात असतो हे मी जन्मभर ऐकत आले होते. त्या सकाळी मला मान वर करायची छाती झाली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी ती ओळ एका सुरात म्हणायची असं ठरलं. ओळ आली आणि मला माझा भाऊ आठवला. चार वर्षं मी त्याच्याशी बोललेले नाही, आणि चर्चमध्ये हीच ओळ दर रविवारी बिनदिक्कत म्हणत आले आहे. माझं तोंड उघडेना.

सासूबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि त्या थांबल्या. मग सगळेच थांबले.