पाटीवरचं कै.
टर्पेंटाइनचा वास आला की कानडी मुलखातल्या चिकपेटेतलं आमचं शिंप्याचं दुकान आठवतं. एकोणीसशे साठच्या सुमारास वडील टायफॉईडने अंथरुणाला खिळले, तर चुलत्याने दुकानाची नवी पाटी रंगवून घेतली. स्वतःच्या नावाआधी श्री., वडिलांच्या नावाआधी कै. “आज ना उद्या लागणारच,” म्हणाला. पण वडील उठले. पेंटर ते पुसायला आला, तर म्हणाले, “स्वल्प थांब. राहू दे.” मग वर्षानुवर्षं त्याच पाटीखाली बसून ते मापं घेत. “अण्णा, वारलं कोण?” असं गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणत, “मीच. ह्या माझ्या भावाला घाई होती.” चुलता मान खाली घालून काजं करत राही. परवा तो गेला. त्याचं श्री. खरवडून कै. मीच रंगवलं. सावकाश, दोन हात देऊन.