तराफ्यावरची खर्ची

नदीवर आयुष्य काढलेल्या माणसाजवळ पैसा साठत नाही, किस्से साठतात. एक ओढून काढावा तर त्याच्या मागून दुसरा येतो. परवा माझी नात आणि तिचा नवरा मोठ्या जहाजावर फिरून आले आणि वडशाला आमच्या घरी पेढे द्यायला आले. नात सांगत होती, "आजोबा, तिथं रोख पैसे चालतच नाहीत. चढतानाच एक कार्ड देतात. खा, प्या, खरेदी करा, सगळं त्या कार्डावर. हिशोब उतरताना!"

तिला वाटले, म्हातारा तोंडात बोट घालेल. मी म्हटले, पोरी, अशा जहाजावर मी तुझ्या आजीशी लग्न व्हायच्या आधीच जाऊन आलोय. फक्त आमचे जहाज सागवानाचे होते आणि कार्ड टिनाचे!

मग काय, पेढे बाजूला राहिले आणि मी सुरू झालो.

*

तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत. गडचिरोलीही त्यातच होते. आलापल्लीकडच्या जंगलात सागवान तोडायचे, बैलगाड्यांनी प्राणहितेच्या काठावर आणायचे आणि पाणी उतरू लागले की त्याचे तराफे बांधून नदीत सोडायचे. ओले सागवान एकटे बुडते, म्हणून त्याच्या बाजूंना वाळलेल्या बांबूच्या मोळ्या. प्राणहिता पुढे गोदावरीला मिळते, तिथून इंद्रावतीचा संगम ओलांडून थेट राजमहेंद्री. आम्ही धिवर, मासेमारी आणि पाण्याचे काम आमचे. आमचा म्होरक्या झिंगरूभाऊ. त्याची विधवा बहीण राईबाई सगळ्यांचा स्वयंपाक करायची. आणि ठेकेदाराचे मुनीमजी, ते आमच्याबरोबर तराफ्यावर नसत. त्यांचा वेगळा डोंगा होता, वर ताडपत्रीचे छप्पर, आणि त्या डोंग्यात दुकान.

मजुरी राजमहेंद्रीला पोचल्यावर. वाटेतल्या खर्चीसाठी मुनीमजी टिनाचे बिल्ले देत. ते बिल्ले जगात एकाच दुकानात चालत, मुनीमजींच्या डोंग्यात. मीठ, तेल, तंबाखू, सगळे बाजारच्या दुप्पट भावाने.

पहिल्याच दिवशी झिंगरूभाऊने नगद मागितले. मुनीमजी त्याला लहान पोराला समजावावे तसे समजावू लागले, की बाबा, नदीचा मामला आहे, नोट भिजते, नाणे फटीतून पडते, टिनाला काही भीती नाही.

मुनीमजींच्या कमरेला पैशांची लांबट पिशवी, कसा, बांधलेला असे; झिंगरूभाऊ तिच्याकडे बघत म्हणाला, "मंग तुमची नोट भिजत नाई का, मुनीमजी?"

त्या दिवसापासून मुनीमजी कमरेचा कसा उपरण्याखाली झाकू लागले.

*

आमच्यात लालसू नावाचा एक माडिया गडी होता. भामरागडकडचा. बोलायचा कमी, हसायचा त्याहून कमी. त्याला डोंग्यातले काही लागतच नसे. तंबाखू त्याची घरची, मासा नदीचा, आणि सोबत एक कोंबडा. रोज संध्याकाळी बिल्ले वाटले जात आणि लालसूचे तसेच पडून राहत.

एक दिवस बघतो तर त्याने सगळ्या बिल्ल्यांना भोके पाडून दोरीत ओवले होते आणि माळ कोंबड्याच्या गळ्यात घातली होती. कोंबडा तराफाभर खुळखुळ वाजत फिरत होता. मुनीमजींचा संताप संताप झाला. मालकाचा शिक्का असलेला बिल्ला कोंबड्याच्या गळ्यात! त्यांनी डोंगा जवळ आणून लालसूला जाब विचारला.

लालसू म्हणाला, "बिल्ला बी तराफ्याच्या बाहीर जात नाई, कोंबडा बी जात नाई. दोघं संगं राहतीन."

मुनीमजींनी तो कोंबडा विकत मागितला. लालसूने किंमत नगद सांगितली.

*

आता तुम्ही म्हणाल, माशांचा धंदा तुमच्या हातात होता, तर मासे विकून पैसे का नाही केले? केले ना. त्याचीच तर गंमत आहे.

प्राणहितेच्या डाव्या काठावर आमचा मुलूख, उजव्या काठावर जुने निजामाचे राज्य. निजाम गेला होता, पण त्याचे नाणे अजून बाजारातून गेले नव्हते. आपल्याकडे कलदार रुपया, तिकडे हाली. एका मुक्कामी आम्ही उजव्या काठाला लागलो, तिथे आठवडी बाजार भरला होता. मी टोपलीभर मासे विकले आणि मूठभर हाली नाणी घेऊन परत आलो. पहिल्यांदा माझ्या हातात खरा पैसा! सगळ्यांनी तो हातात घेऊन बघितला.

दुसऱ्या दिवशी डाव्या काठावर उतरलो आणि भज्यांच्या दुकानात शिरलो. पोटभर खाल्ले आणि ऐटीत हाली नाणे पुढे केले. दुकानदाराने ते उलटेसुलटे करून परत दिले. मी खिशातून टिनाचा बिल्ला काढला. तोही त्याने परत दिला. शेवटी अंगावरचे उपरणे ठेवून सुटलो. दोन प्रकारची नाणी खिशात असून उपरणे गहाण टाकणारा माणूस त्या काठाने बहुतेक मीच पहिला बघितला असेल.

माझी फजिती ऐकून सगळे हसले, राईबाई हसली नाही. तिने माझ्याकडून ती नाणी मागून घेतली. पुढच्या वेळी उजव्या काठाला लागलो तेव्हा ती स्वतः बाजारात गेली आणि त्या पैशात मिरच्या, गूळ आणि तंबाखू घेऊन आली. आणि तराफ्यावर चुलीशेजारी दुकान मांडले! भाव मुनीमजींच्या निम्मा. पैसे काय, तर तेच टिनाचे बिल्ले.

मुनीमजींच्या डोंग्याकडे कोणी फिरकेना. पुढच्या मुक्कामापर्यंत आमचे सगळे बिल्ले राईबाईच्या पिशवीत. पिशवी घेऊन ती डोंग्यावर गेली आणि म्हणाली, याचे नगद द्या. मुनीमजी म्हणाले, बिल्ल्याचे नगद होत नसते, सामान घे. तेच सामान तर तिला काठावरच्या बाजारात अर्ध्या भावात मिळत होते. राईबाई पिशवी उचलून परत आली. त्या दिवसापासून मुनीमजींनी उजव्या काठाला लागणेच बंद केले. आणि डाव्या काठावर गावोगाव धिवरच, तिथे आमचे मासे कोण विकत घेणार!

*

राईबाईला नगद कशाला हवे होते, ते आम्हाला तेव्हा कळले.

तिची एकुलती लेक इंद्रावतीच्या संगमाजवळच्या गावात दिली होती. लांबचे सासर. लग्नानंतर मायलेकींची भेट नाही. आणि त्या पावसाळ्यात लेकीला मुलगा झाल्याची खबर कोणाकडून तरी आली होती. राईबाई चुलीपुढे धूर खायला तराफ्यावर आली होती ती एवढ्याचसाठी, की संगमावर तराफे थांबतात, तेवढ्यात लेकीच्या घरी जाऊन यावे. पण पहिल्यांदा नातू बघायचा तर त्याच्या हातावर रुपया ठेवावा लागतो. आजी रिकाम्या हाताने गेली तर सासरचे लोक लेकीला जन्मभर ऐकवतील. आणि संगम गेला की तराफा पुढच्या पाण्याला लागणार, परतीचा रस्ता वेगळा. नगद मिळाले तर संगमाच्या आत मिळायला हवे होते.

तिने मुनीमजींना सगळे सांगितले. हात जोडून नाही, सरळ उभे राहून. माझ्या मजुरीतला एक रुपया आधी द्या, एवढेच. मुनीमजी म्हणाले, एकाला दिला की सगळे मागतात. मग त्यांना काय सुचले कोण जाणे, हसत म्हणाले, "बिल्लाच ठेव ना हातावर. महिन्याच्या पोराला काय कळते?"

राईबाई म्हणाली, "लेकराले नाई कळत, मुनीमजी. त्याच्या आजीले कळते."

मला तेव्हा जो राग आला तो आजही सांगताना येतो.

*

सिरोंचाच्या पुढे एका नाक्यावर लाकडावर हातोड्याने मारलेले जंगलखात्याचे शिक्के तपासत. तिथला नाकेदार दरवर्षी शिक्के तपासायचा आणि नंतर हात पुढे करायचा. ही चहापाण्याची रक्कम मुनीमजी झिंगरूभाऊच्या हातून देत, म्हणजे स्वतः नामानिराळे. त्या वर्षी मात्र मुनीमजी डोंग्यात झोपले होते, आणि झिंगरूभाऊने त्यांना उठवले नाही.

नाकेदाराने हात पुढे केला. झिंगरूभाऊने राईबाईच्या पिशवीतून ओंजळभर बिल्ले काढून त्याच्या हातात ओतले.

"हे काय आहे?"

"आमच्या तराफ्यावर हेच चालते, साहेब. मुनीमजी म्हणते, पैशापरीस चांगलं. भिजत नाई."

नाकेदाराने तराफे दोरांसकट अडवून ठेवले आणि एकेक ओंडका नव्याने तपासायला घेतला. मुनीमजी जागे झाले, धावत आले, उपरणे बाजूला सारून कसा सोडला आणि नगद मोजले. आम्ही काठावर रांगेने बसून बघत होतो. मुनीमजींचा पैसा बाहेर निघतो हे तेव्हा पहिल्यांदा समजले. फक्त तो आमच्यासाठी निघत नव्हता.

परतताना त्यांनी झिंगरूभाऊला धमकी दिली, की राजमहेंद्रीला पोचल्यावर तुझी मजुरी कापतो. झिंगरूभाऊ म्हणाला, "कापा." आणि बांबू पाण्यात टाकून तराफा लोटला.

*

मग संगम आला.

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिथे डावीकडून इंद्रावती येऊन तिला धडकते, आणि त्याच्या पुढचे पाणी कोणाच्या बापाचे नाही. खडक, भोवरे, डोंगराच्या सापटीतून जाणारी धार. म्हणून संगमावर तराफे थांबतात आणि प्रत्येक माणूस आपल्या हाताने गंगेला नाणे देतो. लहानसे का असेना, पण आपले. त्याशिवाय धिवर पुढे बांबू घालत नाही. माझ्या आज्याने घातला नाही, बापाने घातला नाही.

आमच्याजवळ नाणे नव्हते. माझी हाली नाणी मिरच्यात गेली होती. झिंगरूभाऊने तराफे वेलाच्या दोरांनी काठाच्या झाडांना बांधले आणि खाली बसला. आम्ही सगळे बसलो. राईबाईने चूलही पेटवली नाही.

मुनीमजी आले. काय झाले म्हणून विचारले. झिंगरूभाऊने सांगितले, गंगेला नाणे द्यायचे आहे आणि आमच्याकडे ते नाही. मुनीमजी समजून हसले. त्यांना वाटले, नगद काढायची नवी युक्ती. म्हणाले, "बिल्ला टाका. नदीला काय कळते?"

झिंगरूभाऊ उठला. पिशवीतून एक बिल्ला काढून त्याने मुनीमजींच्या हातावर ठेवला.

"पह्यले तुमी टाका. तुमचा डोंगा बी याच पाण्यातून जाते."

मुनीमजी बिल्ला घेऊन काठावर गेले. समोर दोन नद्यांचे पाणी एकमेकांत घुसत होते, त्याचा आवाज छातीत ऐकू येत होता. मुनीमजींनी हात वर केला. तो वरच राहिला. मग त्यांनी हळूच आमच्याकडे पाठ केली, उपरणे सारले, कमरेच्या कशातून काहीतरी काढले आणि पाण्यात टाकले. उन्हात ते चमकले, चांगला कलदार रुपया होता. मुनीमजी सुटे बाळगतच नसत.

ते वळले तेव्हा झिंगरूभाऊ हात पसरून उभा होता.

"आता आमाले बी रुपयाच पाह्यजे. गंगेनं रुपया पाह्यला, आता पैसा-आणा घेणार नाई ते."

"मजुरीतून कापीन!"

"कापा."

मुनीमजींनी पाण्याकडे बघितले, बांधलेल्या दोरांकडे बघितले आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक रुपया ठेवला. पण तिथून हलले नाहीत. एकाने जरी रुपया कनवटीला लावला तर पकडायचा, म्हणून डोळ्यांत तेल घालून उभे राहिले.

झिंगरूभाऊने रुपया कपाळाला लावला आणि पाण्यात टाकला. लालसूने टाकला. मी टाकला. एवढ्या दिवसांनी हातात आलेला आमचा खरा पैसा, एकामागून एक सगळ्यांनी टाकला. मुनीमजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटी राईबाई काठावर गेली. वाकली, ओंजळीत पाणी घेतले, ओठ हलवून काहीतरी पुटपुटली आणि पाणी सोडून दिले. मग वळून पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली आणि लेकीच्या गावाची वाट धरली.

"बाई! तुझा रुपया?" मुनीमजी ओरडले.

राईबाई चालता चालता म्हणाली, "गंगेले सांगतलं मी. थांबतो म्हणते गंगा."