गुलाबभाऊ आणि उजवीकडची गाडी

गाडी भरल्याशिवाय गुलाबभाऊ ढोके कधी हलला नाही. रस्त्यावरही नाही आणि माझ्या कॉम्प्युटरवरही नाही. पडद्यावर लाल दिवे विझून हिरवा लागायचा, सात परदेशी गाड्या धूर सोडत निघून जायच्या, आणि हा गृहस्थ आठव्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला. पहिल्या दिवशी मी ओरडलो, "अहो भाऊ, सुटली ना रेस! चला!" तर म्हणाला, "एवढी कायची घाई हाय सर? गाडी त भरू द्या." थट्टा नव्हती ती. वीस वर्षं काळी-पिवळी जीप हाकलेल्या त्या पायाला रिकाम्या गाडीत एक्सलेटर दाबताच येत नव्हता.

नेरच्या बस स्टँडसमोर माझा संगणक वर्ग होता. होता म्हणजे पाटी होती, सहा कॉम्प्युटर होते, आणि 'नोकरीची हमखास संधी' असं पत्रकात छापणारा सव्वीस वर्षांचा बेकार मी होतो. विद्यार्थी नव्हते. त्या वर्षांत कापसाने अशी मान टाकली होती की मुलांना क्लासला घालायची कोणाची ऐपत नव्हती, आणि कॉम्प्युटर शिकून माणसाचं काय होतं हे माझ्याकडे बघून लोकांना कळतच होतं. शेवटी मी अमरावतीहून गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आणला, त्यासोबत जुनं प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आणि दोन पेडलं आणली, आणि पाटीवरचं 'शिक्षण' तसंच ठेवून आत करमणूक सुरू केली. गुलाबभाऊची जीप समोरच लागायची. पूर्वी कापसाच्या हंगामात दिवसाला चार फेऱ्या मारणारी ती जीप आता यवतमाळची एक फेरी भरायला दुपार करायची. तेवढा वेळ तो माझ्याकडे. "जयभीम सर," म्हणायचा आणि न विचारता खुर्चीत बसायचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मला ती कोणी आधी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. गुलाबभाऊचा उजवा डोळा काचबिंदूने गेलेला होता. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, गाडी सोडा. यावर याने विचारलं होतं, "किती दिवस?" तो डॉक्टरचा कागद जीपच्या काचेवरच्या झडपेमागे खोचलेला असायचा, आणि त्या कागदाच्या साक्षीने रोज चौदा माणसं यवतमाळला जायची-यायची. घरी माहीत नव्हतं, स्टँडवर माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. मी आपला समजत होतो की पन्नाशीच्या माणसाला पोरखेळाचा नाद लागला. तो मात्र माझ्याकडे परीक्षा द्यायला येत होता. एका डोळ्यावर भागतं का, हे जिथं कोणी मरत नाही तिथं एकदा पाहून घ्यावं, असा त्याचा हिशेब.

पण परीक्षेला बसण्याआधी त्याला पेपर दुरुस्त करून हवा होता! पहिले आठ दिवस आम्ही नुसती गाडी लावत बसलो. गेममधलं स्टिअरिंग डाव्या बाजूला. "हे कोन्या देशाची गाडी हाय बे? ड्रायव्हर क्लीनरच्या जागी बसून राह्यला!" मी तासभर यादी धुंडाळून उजव्या स्टिअरिंगची गाडी शोधली. मग स्टिअरिंग जरा हलवलं की गाडी वळते, ही तक्रार. त्याच्या जीपचं स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना त्याची खबर नसायची, आणि ही ढिलाई त्याला गुण वाटे. "स्टिअरिंगले थोडा प्ले पाह्यजे सर. मानूस शिंकला त गाडी नालीत जाईन का?" मी सेटिंगमध्ये जाऊन ती ढिलाई शेवटच्या टोकापर्यंत वाढवून दिली. क्लच नव्हता, तर त्याचा डावा पाय फरशीवर दणादणा आपटायचा. शेवटी त्याने पायाखाली एक वीट ठेवून घेतली आणि समाधान पावला. हॉर्नला बटण जोडून मागितलं. मी म्हणालो, "भाऊ, शर्यतीत हॉर्न कोण वाजवतं?" तो म्हणाला, "म्हनूनच मरतात ना लेकाचे."

हे सगळं जुळत आलं की लाइट जायची. भारनियमनाचे दिवस. सेव्ह करायच्या आत कॉम्प्युटर बंद, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डावं स्टिअरिंग, पुन्हा कडक चाक, पुन्हा मुका हॉर्न. गुलाबभाऊ वैतागायचा नाही. जगातल्या सगळ्या दुःखाचं कारण त्याला सापडलेलं होतं: सेटिंग चुकली. कापूस पडला, सेटिंग चुकली. जावई रुसला, सेटिंग चुकली. माझं लग्न जमत नव्हतं त्याचंही निदान हेच, फक्त त्या वेळी तो माझ्या शर्टाकडे बघून बोलला.

अखेर शर्यती सुरू झाल्या आणि गुलाबभाऊ रोज शेवटचा येऊ लागला. साहजिक होतं. वळणावर तो वेग कमी करायचा, मागून कोणी हॉर्न दिल्याचा भास झाला तर साइड द्यायचा, आणि एकदा तर प्रेक्षकांच्या गर्दीजवळ चक्क गाडी थांबवली त्याने. चार-पाच सीटा दिसल्या असतील! पण खरी गंमत उजवीकडून येणाऱ्या गाड्यांची होती. डावीकडून कोणी आलं तर हा झकास सांभाळून घ्यायचा. उजवीकडून आलं की धाडकन ठोकायचा, आणि दर वेळी तेच वाक्य, तोंडाचा आ करून: "आला कुठून हा?" चहाच्या टपरीवरची मंडळी खास तेवढं ऐकायला दारात उभी राहायची. "भाऊ, आज कितवा?" "भाऊ, आला कुठून हा?" मी त्याची नक्कल उत्तम करायचो. स्टँडवर माझं नाव कॉम्प्युटरपेक्षा त्या नकलेमुळे जास्त झालं.

तो म्हणायचा, "सर, उजव्या बाजूची सेटिंग काही बराबर नाही." त्याने मॉनिटर डावीकडे सरकवून पाहिला, खुर्ची तिरपी करून पाहिली, पडदा खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसला. हे इतकं ढळढळीत समोर चाललेलं, आणि मी दोन्ही डोळे शाबूत असलेला माणूस हसत बसलो होतो. मला आजही माझी लाज वाटते. पण खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे.

एके दिवशी त्याच त्या तक्रारीला मी कंटाळलो. सेटिंगमध्ये गेलो, सातच्या जागी एकच गाडी ठेवली, आणि तिला इतकी मंद केली की बैलगाडीनेही तिला मागे टाकावं. दया म्हणा, कंटाळा म्हणा. खरं म्हणजे मस्ती. गुलाबभाऊ आला, बसला, नेहमीसारखा उशिरा सुटला आणि पहिला आला. उजवीकडून यायला कोणी होतंच कुठे? तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून हळू विचारलं, "सर, सेटिंग काही बदलली का तुमी?"

"छे! तुमचा हात बसला भाऊ."

"खरं?"

"खरं म्हणजे काय, चॅम्पियन झालात!"

त्याने टपरीवरून सगळ्यांना आलूबोंडे वाटले. मीही दोन खाल्ले, आणि मिरची तिखट नाही म्हणून वर नावं ठेवली.

त्यानंतर पंधरा दिवस तो रोज पहिला यायचा आणि छाती काढून जीपकडे जायचा. सोळाव्या दिवशी मलाच यवतमाळला काम निघालं. काळी-पिवळीत ड्रायव्हरच्या उजवीकडेही एक माणूस बसतो, अर्धा आत आणि अर्धा दाराबाहेर. ती जागा माझ्या वाट्याला आली. तिथे बसणाऱ्याला गुलाबभाऊ नेहमी सांगायचा, मागून कोणी आलं तर सांगजो. लोकांना वाटे, गप्पिष्ट आहे बिचारा. मलाही म्हणाला, "सर, मांगून कोनी आलं त सांगजा."

मी म्हणालो, "चॅम्पियनला मी काय सांगणार!" आणि मान वळवून मागच्या बायांना त्याच्या विजयाच्या कथा सांगू लागलो.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याला पाहुण्यांची कमी नव्हती. पाहणीसाठी पांढऱ्या गाड्यांचे ताफे यायचे, कापूस काचेतून बघायचे, एखाद्या बांधावर उतरून फोटो काढायचे आणि जेवणाच्या वेळेला विश्रामगृहावर हजर व्हायचे. गुलाबभाऊ म्हणायचा, "या सायबायच्या गाड्या न भरताच निंगतात सर. म्हनून त्यायले रस्त्यात कोनी दिसत नाही." त्या दिवशी असाच एक ताफा मागून आला. समोर कापसाची बैलगाडी होती. गुलाबभाऊने तिला ओलांडायला जीप उजवीकडे घेतली, आणि त्याच क्षणी पहिली पांढरी गाडी आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. उजवा आरसा फुटून उडाला. माझ्या पायातली चप्पल गेली. पाय कसा राहिला ते मला माहीत नाही. जीप डावीकडे शेतात उतरून थांबली. मागे एक म्हातारी "काय झालं रे बावा?" म्हणून रडायला लागली. पांढऱ्या गाड्यांपैकी एकही थांबली नाही.

गुलाबभाऊ समोर बघत बसला होता. मला ऐकू येईल इतकंच बोलला, "आला कुठून हा?"

तेव्हा मला कळलं. उजवीकडचं त्याला काही दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. जयभीम म्हणाला, पण बसला नाही. "सर, खरं सांगा. सेटिंग बदलली होती ना?"

मी मान डोलावली.

"पहिल्यासारखं करा." मी पुन्हा सात गाड्या लावल्या, पुन्हा तो वेग. तो बसला. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि डाव्या डोळ्यावरून घट्ट बांधला. हात स्टिअरिंगवर, पाय विटेवर. लाल दिवे लागले, विझले, हिरवा लागला, सातही गाड्या निघून गेल्या. दारात टपरीवरचे चार जण उभे होते. कोणी हसलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "हिरवा लागला का, सर?"

त्याने दुपट्टा सोडला, डोळे पुसले, मग सवयीने पडदाही पुसला. "तुमी मले जिंकवलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. "मानूस खुशीत राहावा म्हनून केलं असन. पन मांगं चौदा जन होते सर. मी त आंधळा होतो; तुमाले त दिसत होतं." मी म्हणालो, "भाऊ, मला डोळ्याचं माहीत नव्हतं हो." तो म्हणाला, "रोज त पाहून राह्यले होते." त्याच संध्याकाळी त्याने जीपची किल्ली आपल्या तिशीतल्या भाच्याला, विलासला, देऊन टाकली आणि झडपेमागचा कागद बायकोच्या हातात ठेवला. बायकोने आठ दिवस बोलणं टाकलं. "सेटिंग चुकली," तो मला सांगायचा, पण आता हसून.

पुढे तो त्याच जीपवर सीटा बोलवायचं काम करू लागला आणि त्याने विलासला जगणं नकोसं केलं. "उजवीकडे पाह्य बे!" हे दिवसातून पन्नास वेळा. वर्षभरात माझा वर्ग बंद पडला, मला पुण्याला नोकरी लागली. गुलाबभाऊ गेल्याचं पुष्कळ वर्षांनी फोनवर कळलं, म्हणून माझ्यासाठी आमची शेवटची भेट नेर स्टँडवरचीच. मी बॅग घेऊन आलो तर त्याने मला ड्रायव्हरच्या उजवीकडची तीच जागा दिली. जीप अर्थातच भरलेली नव्हती, आणि यवतमाळहून सुटणारी माझी पुण्याची बस चुकेल म्हणून मी कितीही विनवलं तरी ती हलली नाही. चौदावा माणूस कोंबल्यावरच त्याने टपावर थाप मारली. विलासला म्हणाला, "उजवीकडे पाह्य बे." मग खिडकीशी वाकून मला म्हणाला, "तुमी बी पाहा सर. तुमचे दोन्ही हायत."

यवतमाळ येईपर्यंत मी मान वळवून मागच्या रस्त्याकडेच बघत होतो. जी जी गाडी आली, ती मोठ्याने विलासला सांगितली.