आण्णांचा हात

आण्णांची एक गोष्ट आमच्या घरात गेली कित्येक वर्षं सांगितली जाते. ती पहिल्यांदा मीच सांगितली, अजूनही सगळ्यांत रंगवून मीच सांगतो. अडचण एवढीच, की ती खोटी आहे. खरी काय ते सांगायचं मी आजवर टाळत आलो. पण परवा नातीनं चहात साखरेच्या जागी मीठ घातलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, माझा आण्णा झाला!" तिनं आण्णांना कधी पाहिलेलंही नाही. घोटाळा झाला की आमच्याकडे 'आण्णा झाला' म्हणतात, एवढंच तिला ठाऊक. घराला ही म्हण मी दिली. आता ती तिसऱ्या पिढीच्या तोंडी बसलेली पाहिली आणि लिहायला बसलो.

सांगलीला गणपती पेठेच्या मागच्या बोळात आण्णांचं गॅसच्या शेगड्यांच्या सुट्ट्या भागांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. बर्नर, जाळ्या, नळ्या, बटणं छतापासून लोंबत असत आणि त्यांच्या मधोमध पांढरी टोपी घालून आण्णा बसलेले असत. गिऱ्हाईकानं जुना भाग पुढे केला की ते तो तळहातावर घेत, डोळे मिटत आणि अंगठ्यानं गोल गोल फिरवत. देवाचं नाव घेतायत असं वाटावं. मग डोळे न उघडताच बोलायला लागत. "तीन बर्नरची. डाव्या अंगाचा ह्यो. दूध लय उतू जातंय तुमच्यात." समोरची बाई लाजून हसायची. एका नव्या नवरदेवाला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "गड्या, ह्यो मधला बर्नर नुस्ता चहानंच झिजलाय. बायको काय रांधती का न्हाई?"

त्यांचा नियम एकच होता, 'जुनं आणा, मग नवं न्या.' मॉडेलचा नंबर सांगितलेला त्यांना चालत नसे. "नंबर कंपनी घालती, भोक कारागीर पाडतो. दोघांचं बोलणं असतंय व्हय कधी?" मोबाइलवरचा फोटो दाखवला तर ते तो शेजारच्या फुलवाल्याला दाखवायला सांगत. "फोटुत जाडी दिसत न्हाई. जाडी दिसली असती तर लग्नं फोटुवर फसली नसती." एकानं चिडून अख्खी शेगडी स्कूटरवर बांधून आणली. आण्णांनी त्याला चहा पाजला आणि शेगडीकडे ढुंकूनही न बघता म्हणाले, "आता त्यातला नेमका बिघडलेला तुकडा काढा की राव."

आण्णा नम्र होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भारी गर्विष्ठ माणूस. "माझा हात चुकला त्या दिवशी ह्या फटीला कुलूप," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. संध्याकाळी ऊन कलायला लागलं की जैन माणूस जेवायला उठे. मग समोर कलेक्टर उभा असला तरी त्याला उंबऱ्यावर बसवून ठेवत. "सूर्य थांबत न्हाई. तुमी थांबाल."

आमची त्यांची ओळख झाली ती हिच्या शेगडीपायी. साताऱ्यात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला हिच्या भावानं, म्हणजे माझ्या सांगलीच्या मेहुण्यानं, वर चार बर्नर आणि खाली भट्टी असलेली थोरली शेगडी आहेर म्हणून दिली. आहेर म्हटला की त्यावर नाव हवं. मेहुण्यानं भांड्यांवर नावं घालणारा बोलावला. तो शेगडीभोवती फिरला. त्याला मागच्या बाजूला एक छान गुळगुळीत पट्टी सापडली. तिच्यावर त्यानं मशीन चालवून 'सौ. सुमन हिस वास्तुशांतीप्रीत्यर्थ बंधूकडून सप्रेम भेट' असं ठसठशीत कोरलं. पट्टी नेमकी कंपनीनं मॉडेल लिहिलेली होती. पुढं दुरुस्तीची वेळ आली तेव्हा आम्ही बॅटरी लावून पाहिलं, तर कंपनीच्या नावावर 'सुमन' बसली होती आणि मॉडेलच्या नंबरावर 'सप्रेम'.

साताऱ्यातले दुकानदार मॉडेल विचारत. आम्ही काय सांगणार, सप्रेम? शेवटी मेहुण्यानं आण्णांचा पत्ता दिला. मी बर्नर घेऊन गेलो. आण्णांनी डोळे मिटले. "चार बर्नर, खाली भट्टी. कंपनी कवाच बसली. पर भाग हाय माझ्याकडं." पुढं वर्षानुवर्षं त्यांनी ती शेगडी न बघता जगवली. मला ते 'सातारकर' म्हणत. कंदी पेढे घेऊन गेलो नाही तर बोलत नसत.

कोरोनाच्या आधीच्या वर्षी त्या शेगडीच्या भट्टीचा कॉक गेला. कॉक म्हणजे बटणाच्या मागचा, गॅस सोडणारा नि बंद करणारा पितळी तुकडा. फिटरनं तो काढून दिला. दोन दिवसांनी व्याही आणि विहीणबाई जेवायला यायचे होते आणि हिला भट्टीतली नानकटाई करून दाखवायची होती. निघताना ही म्हणाली, "पिशवीत ठेवा. रुमालात बांधू नका." मी रुमालातच बांधला.

कराडला गाडी बदलायची होती. स्टँडवर ही गर्दी. गाडी लागली तशी लोक धावले, मीही धावलो, आणि आपल्याकडचा कुठलाही माणूस करतो तेच केलं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मोकळा रुमाल पुष्कळदा वाऱ्यानं परत येतो. हा जड होता. नेमका खिडकीजवळच्या सीटवर जाऊन बसला. या वयातही आपला नेम शाबूत आहे म्हणून मी खूश. दाराशी पोचलो तर कंडक्टर म्हणाला, "कुठं आजोबा?"

"सांगली."

"ही तासगाव हाय. सांगली पल्याड लागलीय."

"अहो, पण माझा रुमाल आत आहे!"

"मग रुमालाचं तिकीट काढू का?" असं म्हणून त्यानं दोनदा घंटी वाजवली. हसणाऱ्या लोकांच्या गर्दीत मी खाली राहिलो. माझ्या शेगडीचा कॉक खिडकीची जागा धरून तासगावला निघून गेला.

सरळ घरी परतायला हवं होतं. शेगडीवर आणखी चार कॉक होते, त्यातला एक काढून पुन्हा येता आलं असतं. पण हिला काय सांगणार? रुमालात बांधला आणि खिडकीतून फेकला? मी सांगलीला गेलो, स्टँडजवळच्या भंगारवाल्याच्या ढिगात हात घातला आणि हरवलेल्यासारखाच दिसणारा एक पितळी कॉक उचलला. तोच आण्णांच्या तळहातावर ठेवला.

आण्णांनी डोळे मिटले. अंगठा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. डोळे उघडून ते माझ्याकडे बघायला लागले. तसं त्यांना करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"सातारकर, ह्यो तुमच्या शेगडीचा न्हाई. दांडी जाड लागतीया."

"काहीतरीच काय आण्णा! माझ्या डोळ्यांदेखत काढलाय."

"बघा बरं का."

"अहो, मी खोटं बोलेन का?"

"आवं, तसं कुठं म्हणतोय मी. तुमी म्हणताय म्हंजे आसंल." आणि त्यांनी त्या भंगाराला तंतोतंत जुळणारा नवा कॉक काढून दिला.

तो अर्थातच बसला नाही. फिटर हात झटकून उभा राहिला. ही म्हणाली, "असं कसं झालं?" आणि मी, पाण्याचा घोट घ्यावा इतक्या सहज म्हणालो, "आण्णांनी चुकीचा दिला." नानकटाई झाली नाही. विहीणबाईंना बेकरीची बिस्किटं खावी लागली आणि त्यांच्यासमोर मी आण्णांची नक्कल केली. डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि भलताच चमचा उचलून दिला. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी फिरायला जाणाऱ्या मंडळींसमोर तीच नक्कल. त्यात मी आण्णांना एक जांभईही दिली. गोष्ट जमली होती, आणि जमलेली गोष्ट सोडवत नाही.

हिनं फोनवर ती भावाला सांगितली. मेहुणा दुसऱ्याच दिवशी त्या बोळात हजर. भर गिऱ्हाइकांत ओरडला, "काय आण्णा, साताऱ्यात हात चुकला म्हणं!"

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या दारात आण्णा उभे. गुडघ्यांनी जिना चढवत नव्हता म्हणून कठड्याला धरून, खांद्याला कॉकांनी भरलेली पिशवी. दुकान सोडून ते कुणाकडे गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी त्या शेगडीला पहिल्यांदाच पाहिलं. मागची पट्टी वाचून म्हणाले, "वैनी, तुमच्या भावाला म्हणावं, पुढच्या टायमाला सिलेंडरवर बी घाल नाव." ही हसली. मग ते खाली बसले. उरलेल्या चार कॉकांवरून बोट फिरवलं, पिशवीत हात घातला, पहिलाच कॉक काढला आणि तो बसला.

पण ते उठेनात. त्या चौघांवरून पुन्हा बोट फिरवत राहिले.

"सातारकर, तुमी आणलेला ह्यांच्यातलाच होता न्हवं?"

मी म्हणालो, "हो."

"दांडी तर बारीक हाय. मला तवा जाड लागली हुती." ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. "म्हंजे हाताला भास व्हाया लागले." मग हिच्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "वैनी, माझ्याकडनं चूक झाली. पावनं यायचे हुते तुमच्याकडं. माफ करा."

हिला भरून आलं. दिवस मावळायच्या आत तिनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. मी ताटाजवळ बसून त्यांना आग्रह करत होतो. तेवढं मात्र मला जमलं.

पुढं मी सांगलीला गेलो तेव्हा गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता आणि आण्णा मागं स्टुलावर. कुणी जुना बर्नर आणला, तर सवयीनं आण्णांचाच हात पुढं आला. त्यांनी तो तळहातावर घेतला. डोळे मिटले नाहीत. थोडा वेळ उघड्या डोळ्यांनी बघितला आणि मुलाकडे देत म्हणाले, "तू बघ रं." मुलानं मोबाइल काढून फोटो घेतला. मला वाटत होतं, आण्णांनी फुलवाल्याचं नाव काढावं, निदान मला तरी एखादी शिवी हासडावी.

तर नोंद अशी करावी. आण्णांनी माझ्या हातातला तुकडा ओळखला होता. त्यांनी मला बजावलंही होतं. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढं एकच त्यांचं चुकलं. हे हिलाही छापून आल्यावरच कळणार आहे. त्यानंतर मला नानकटाई मिळेल असं वाटत नाही.

आण्णा गेले, त्याला आता वर्ष होत आलं. त्याआधी एकदा मी खास तेवढ्यासाठीच सांगलीला गेलो होतो. वाक्य साधंच होतं: 'आण्णा, तो कॉक भंगारातला होता, मला माफ करा.' साताऱ्यापासून ते घोकत निघालो. उंब्रजला मनात म्हटलं, आष्ट्याला हळू आवाजात म्हटलं, शेजारचा माणूस सरकून बसला. घरी आण्णा पलंगावर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी पेढे उशाशी ठेवले, माझा हात धरून जवळ बसवलं आणि म्हणाले, "बोला सातारकर."

मी म्हणालो, "गुडघे काय म्हणतात?"

मग ते गुडघ्यांविषयी बराच वेळ बोलले, आणि मी मन लावून ऐकत राहिलो.