सरांची घरची टेस्ट

सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवली होती. चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. सरकारी टेस्टच्या आधी ते आपली टेस्ट घेत, आणि तिथे ओळखपाळख, वशिला, काही चालत नसे. नियम एकच: काय करणार ते आधी तोंडाने बोल, मग पाय हलव. पोटच्या पोरालासुद्धा त्यांनी दोनदा नापास केलं होतं. दुसऱ्यांदा तर समोरच्या लाँड्रीवाल्याने हसता हसता गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला!

तर डॉक्टरबाईंनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हणून सांगितलं, तेव्हा सरांनी पहिलं काय करावं? घरी येऊन गाडीची किल्ली मुलाच्या हातात ठेवली. म्हणाले, "आज मी मला नापास केलं." कुणी मागायच्या आधी! असा बाप आपला, म्हणून मुलाचा ऊर भरून आला.

बाईंनी हेही सांगितलं होतं, की डोकं चालतंय तोवर ठरवून ठेवा: पुढे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि तुम्हाला बोलता येणार नाही तेव्हा तुमच्या वतीने कोण बोलेल. सरांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं. दुखणं कमी करा. घरी ठेवा. माणसं ओळखेनाशी झाल्यावर श्वासाचं मशीन नको, नाकातून नळी नको. खाली दोन नावांची जागा होती.

"नावं अशी फुकट लागत नाहीत," सर म्हणाले. "टेस्ट होईल."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सरांनी डोळे मिटले. "मी कुणाला ओळखत नाही. छाती भरलीय. डॉक्टर विचारतायत, मशीन लावू का? बोल."

मोठी मुलगी, म्हणजे ताई, म्हणाली, "नको. त्यांना त्रास होऊ देऊ नका. मी इथेच बसते." आवाज कापला, पण बोलली. पास. कागदावर पहिलं नाव तिचं लागलं.

मग मुलगा. "लावा! काय वाट्टेल ते करा, पण बाबांना वाचवा."

"नापास."

"बाबा, ही काय चेष्टा चाललीय?"

"चेष्टा तू करतोयस गधड्या. मी लिहिलंय काय, तू बोलतोस काय!"

मग दर रविवारी टेस्ट, आणि दर रविवारी पोरगा नापास. कधी 'दोन दिवस लावून बघू', कधी 'ताईला विचारतो'. ताई वैतागली, "अरे, नको म्हणून टाक ना एकदाचं." पण खोटं बोलून पास व्हायचं, तेही सरांच्या हाताखाली? छे! बाप जाणार हेच मुळी त्याच्या गळी उतरत नव्हतं. आणि वेळही हातातून चालली होती. बाबा आपल्याला विसरायच्या आत पास व्हायचं, एवढंच त्याला हवं होतं.

वर्ष गेलं. सर चहा घेतलेला विसरत, शर्टाची बटणं विसरत, टेस्ट झालेलीही विसरत. प्रश्न मात्र विसरले नाहीत. दर वेळी तोच प्रश्न, आणि इच्छाही तीच, शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. ऐकता ऐकता मुलाला स्वतःची लाज वाटायला लागली. ज्याला मरायचंय तो एवढा खंबीर, आणि आपण पळतोय कुठे?

त्या रविवारी सरांनी डोळे मिटून विचारलं, तेव्हा मुलाने त्यांचा हात धरला.

"मशीन नको, डॉक्टर. डोकं चालत होतं तेव्हाच त्यांनी हे ठरवलंय. मला ते हवेत, खूप हवेत, पण ते माझं झालं. त्यांना घरी नेतो. हात धरून बसतो मी." रडत रडत, पण शेवटपर्यंत बोलला.

सरांनी डोळे उघडून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पेन उघडलं. "पास. नाव सांगा."

सांगा? कालपर्यंत तो 'तू' होता, 'गधडा' होता. त्याने पूर्ण नाव सांगितलं: आपलं, मग वडिलांचं, मग आडनाव.

सरांनी तिन्ही शब्द सावकाश लिहिले. स्वतःच्याही नावावर पेन अडलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली.

"तुमच्या वडिलांना म्हणावं, पोरगा तयार झालाय. बिनघोर राहा."

"सांगतो, सर," मुलगा म्हणाला.