भज्यांसोबत गेलेलं पान

नम्रता नववीत असताना शाळेत महिनाभरासाठी पुस्तकांची पेटी आली होती. बाकीच्या पोरी गोष्टींवर तुटून पडल्या आणि हिच्या वाट्याला उरलं निळ्या कव्हरचं गणिताचं पुस्तक. नाक मुरडतच तिनं ते उघडलं, आणि मग तिला जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही. त्यात ना स्वाध्याय, ना मार्क. होत्या त्या दोन, तीन, पाच, सात अशा हट्टी संख्या, एक आणि स्वतः सोडून कुणाच्याही पाढ्यात न येणाऱ्या. पुढे जावं तशा त्या विरळ होत जातात, असं लिहिलं होतं. मग पानाच्या तळाशी प्रश्न: ‘कुठेतरी त्या कायमच्या संपतात का? उत्तरासाठी पान उलटा.’ नेमकी तेव्हाच पेटी दुसऱ्या शाळेकडे निघाली आणि बाईंनी पुस्तक हातातून काढून घेतलं.

लग्न होऊन ती टोकावड्याला आली, रस्त्याकडेच्या भज्यांच्या टपरीवर उभी राहिली. प्रश्न काही माहेरी राहिला नाही. मोबाईलवर उत्तर चुटकीसरशी मिळालं असतं, लेक काजल म्हणालीसुद्धा. पण हिला ते त्याच पुस्तकातून हवं होतं. खुळीच म्हणायची! पण ओढ लागली की माणूस असंच वागतं.

टपरीवर सासूचा, गिरजाबाईंचा, एक नियम होता. "रद्दीचं पुस्तक पालथं ठेव नि मागून फाड गो. बांधणी सुटत नाय."

परवा शाळांच्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आला. दुपारी माळशेजकडची एसटी थांबली, उतारूंची झुंबड उडाली. नम्रता पुस्तकाकडे बघते कुठली! फाडत गेली, पुड्या बांधत गेली. शेवटची पुडी दोन वेण्यांच्या एका शाळकरी पोरीनं नेली. गर्दी सरल्यावर उरलेलं पुस्तक तिनं सुलटं केलं, तर निळं कव्हर.

तिनं घाईनं ते उघडलं. आत उरलेलं शेवटचं पान ओळखीचं होतं. ‘उत्तरासाठी पान उलटा.’ तिनं उलटलं. मागच्या बाजूला नुसतं चित्र, आणि समोरच्या पानाच्या जागी शिवणीचा दोरा. म्हणजे उत्तराचं पान आत्ताच, शेवटच्या पुडीला गेलं होतं. दोन वेण्यांच्या त्या शाळकरी पोरीला.

"अगो, भजी करपतील!" गिरजाबाई ओरडल्या. नम्रता झारा टाकून धावली. इतक्या वर्षांनी ते पान तिला हवंच होतं.

एसटी हलली होती. खिडकीत ती पोर दिसली. भजी मांडीवरच्या डब्यात तशीच पडलेली आणि तेलकट कागद दोन्ही हातांनी ताणून डोळ्यांसमोर धरलेला.

कागद मागायला पुढे केलेला हात नम्रतानं मागे घेतला.

"संपतात का गो त्या?" ती गाडीमागून ओरडली.

पोरीनं मान वर केली नाही. ती वाचत होती.